बोटीवरच्या पगाराचं गाव कोणतं?

बुलढाणा जिल्ह्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. घाटाखाली शेगाव-मलकापूरकडचं पाणी पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला मिळतं. घाटावर मेहकरकडचं पाणी पैनगंगेतून निघून शेवटी गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात पोचतं. जिल्ह्याला किनारा मात्र कुठेच नाही. खारं पाणी बघायचं तर लोणारला जायचं.

आता समजा, मेहकरचा एक मुलगा मर्चंट नेव्हीत लागला. कंपनी सिंगापूरची, जहाजावर झेंडा पनामाचा, माल ब्राझीलचा आणि पगार जमा होतो मेहकरच्या बँकेत. या पगारावर आयकर कोणी घ्यायचा?

अमेरिकेत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तिथली बहुतेक राज्यं स्वतःचा वेगळा आयकर घेतात. एकच बोट चार राज्यांच्या पाण्यातून गेली तर चौघांनी हात पुढे करावेत का? तिथल्या संघराज्याच्या कायद्यानं तो वाद मिटवला आहे: अशा खलाशाच्या पगारावर फक्त त्याच्या राहत्या राज्याचा हक्क. आपल्या राज्यघटनेनं पगारावरचा आयकर केंद्राकडेच ठेवला. राज्याच्या वाट्याला शेती उत्पन्नावरचा कर आणि व्यवसाय कर. त्या व्यवसाय करालाही कलम २७६ नं वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. नोकरदाराच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, ते या बेरजेसाठी!

म्हणजे उरलं केंद्र. आणि इथे खरी गंमत सुरू होते. जहाज किती मोठं, झेंडा कुणाचा, पगार किती लाख, यातलं काहीही आयकर खातं आधी विचारत नाही. ते विचारतं, १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होतात? बोटीवर जाणाऱ्या भारतीय नागरिकाचे इथले दिवस १८२ च्या आत राहिले, तर तो अनिवासी. परदेशी फेऱ्यांवर कमावलेल्या पगारावर मग इथे कर नाही. ३६५ दिवसांच्या वर्षात त्यासाठी किमान १८४ दिवस बाहेर काढावे लागतात. ज्या वर्षात २९ फेब्रुवारी येते, त्या वर्षी १८५.

आता मेहकरचा मुलगा १ ऑक्टोबरला बोटीवर चढला आणि ३१ मार्चपर्यंत समुद्रावर राहिला असं धरा. बरोबर सहा महिने. पण मोजून पाहा: बाहेर १८२ दिवस, घरी १८३. तो निवासी ठरला आणि सगळा पगार करपात्र झाला. (मागची बरीच वर्षं बाहेर काढलेल्यांना कायद्यात एक मधली पायरी मिळते, नवख्याला ती सहसा लागू होत नाही.) हाच मुलगा २९ सप्टेंबरला चढला असता, तर अनिवासी ठरला असता. सगळा फरक दोन दिवसांचा! जानेवारी ते जून असा करार केला तर आणखी पंचाईत. सहा महिने ३१ मार्चला मधोमध कापले जातात आणि दोन्ही वर्षांच्या पदरात नव्वद-एक्याण्णव दिवसच पडतात. बोटीवरची माणसं सुट्टी ठरवताना लग्नाच्या मुहूर्ताइतकंच आर्थिक वर्षाचं कॅलेंडर पाहतात, ते उगाच नाही.

पण दिवस मोजायचे कशावरून? जहाज मुंबई बंदरात लागलं तर खलाशी भारतात आला की नाही? यावरून पूर्वी बरीच भांडणं झाली. २०१५ मध्ये आयकर नियमांत नियम १२६ आला आणि उत्तर एका छोट्या पुस्तकात सापडलं. प्रत्येक खलाशाजवळ सीडीसी असतं, म्हणजे त्याच्या सागरी नोकरीचं नोंदपुस्तक. परदेशी जाणाऱ्या किंवा परदेशातून येणाऱ्या फेरीसाठी त्यात साइन-ऑनची जी तारीख पडते, तिथपासून साइन-ऑफपर्यंतचे दिवस भारतातले धरत नाहीत, मग मधे बोट मुंबईत नांगरलेली का असेना. मुंबई ते कोची अशी निव्वळ किनारी फेरी मात्र यात बसत नाही.

उलट टोकाचं उदाहरण बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, चहूकडे पाणी, जमिनीचा मागमूस नाही. पण आयकर कायद्याच्या व्याख्येत भारत म्हणजे त्याचं विशेष आर्थिक क्षेत्रही, आणि ते किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत जातं. तेव्हा तिथल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करणारा कागदोपत्री भारतातच आहे. एक जण बंदरात उभा असून देशाबाहेर आणि दुसरा भर समुद्रात असून देशात!

पैसे इथल्या खात्यात आले म्हणून ते इथलं उत्पन्न झालं का, हाही वाद होताच. अनिवासी खलाशाचा परदेशी फेऱ्यांचा पगार एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यात जमा झाला, एवढ्यावरून त्यावर कर लागणार नाही, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं एप्रिल २०१७ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं. घरभाडं आणि साध्या ठेवीवरचं व्याज मात्र इथलंच उत्पन्न. त्यावर नेहमीसारखा हिशेब.

शेतकरी घरातल्या मुलानं आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, आयकरापेक्षा वेगळा आहे आणि त्याची निवासाची व्याख्याही वेगळी. त्या कायद्याखाली अनिवासी असलेल्याला वडिलोपार्जित शेत वारशानं मिळू शकतं, पण बोटीवरच्या कमाईतून शेजारचे चार एकर विकत घेता येत नाहीत.