दगडाची नमनपरीक्षा

काळ्या दगडावरची रेघ म्हणजे कधीही न पुसली जाणारी गोष्ट, असे आपण मानतो. हा विश्वास काही निराधार नव्हे. भाजे-कार्ल्याची लेणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात दोन हजार वर्षे टिकून आहेत. परंतु त्याच विश्वासाने आपण दारापुढच्या गटारावर एक पातळ फरशी टाकतो आणि तिच्यावरून भरलेली हातगाडी नेतो. एके दिवशी फरशी काडकन मोडते, आणि आपण म्हणतो, दगड कच्चा निघाला. श्रोतेहो, दगड कच्चा नसेलही. कदाचित आपण त्याच्याकडून भलतेच काम मागितले असेल.

दगडावर भार दोन रीतींनी येतो. भिंतीतला दगड वरच्या ओझ्याखाली नुसता दाबला जातो. गटारावरच्या फरशीची गोष्ट निराळी. ती दोन्ही कडांना टेकलेली असते व मधे अधांतरी असते. मधे भार पडला की ती किंचित वाकते. इतकी किंचित, की डोळ्यांना दिसत नाही. या वाकण्यात फरशीची पाठ दाबली जाते आणि पोट ताणले जाते. दगडाचे कण दाबले असता एकमेकांवर घट्ट बसतात. ताणले असता मात्र त्यांच्यामधल्या बारीक फटी उघडू लागतात. लोखंड अशा वेळी आधी वाकून सूचना देते. दगड अशी सूचना देत नाही. पोटाकडची एक फट वाढते आणि क्षणात वरपर्यंत जाते.

दोन शक्तींमधले अंतर किती, हे आकड्यांवरून पाहा. इमारतीच्या ग्रॅनाइटने दर चौरस सेंटिमीटरला निदान १,३०० किलोग्रॅम दाब सोसावा, अशी अमेरिकेतील मानकाची अपेक्षा आहे. वाकताना मात्र त्याने १०० किलोग्रॅमच्या आसपास ताण सोसला तरी पुरे. म्हणजे जेमतेम तेरावा हिस्सा! जुन्या दगडी देवळांच्या मंडपात खांब जवळजवळ का, याचेही एक मोठे कारण हेच. दगडी तुळई फार लांब टाकता येत नव्हती.

या विषयाचा पहिला पद्धतशीर विचार गॅलिलिओने केला. १६३८ साली लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एक कथा आहे. संगमरवराचा एक मोठा खांब दोन टोकांना आधार देऊन आडवा ठेवला होता. मधे मोडू नये म्हणून एकाने मध्यावर तिसरा आधार दिला. सर्वांनी वाहवा केली. काही महिन्यांनी खांब मोडला, आणि तोही नेमका त्या मधल्या आधारावर! टोकाचा एक आधार कुजून खचला होता, मधला तसाच राहिला. त्यामुळे खांबाचा अर्धा भाग अधांतरी लोंबकळला. अशा वेळी ताण पोटाला नव्हे, पाठीला बसतो. फरशीखाली मधेच एखादा खडा राहिला तर हेच घडते.

आता परीक्षा कशी करतात ते पाहू. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे दगडाचा २० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद व तितकाच जाड तुकडा कापतात. १५ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन रुळांवर तो ठेवतात आणि वरून मध्यावर तिसऱ्या रुळाने भार हळूहळू वाढवीत नेतात. तुकडा मोडला त्या क्षणीचा भार टिपला, की हिशेब सोपा आहे: भार गुणिले आधारांतील अंतर, त्याची दीडपट, त्याला रुंदीने आणि जाडीच्या वर्गाने भागावे. तुकडा ६०० किलोग्रॅमला मोडला, तर नमनसामर्थ्य दर चौरस सेंटिमीटरला १०८ किलोग्रॅम आले.

एकाच तुकड्यावर भिस्त ठेवीत नाहीत, कारण एका खाणीतले दोन दगडही सारखे नसतात. काही तुकडे भट्टीत वाळवून, तर काही तीन दिवस पाण्यात बुडवून तपासतात. पुष्कळ दगड भिजले की दुबळे होतात, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. थरांच्या दगडात भार कोणत्या दिशेने आला, यानेही फरक पडतो.

वरच्या हिशेबातला 'जाडीचा वर्ग' हा शब्द लक्षात ठेवावा. फरशी दुप्पट जाड केली तर ती चौपट भार घेते. समजा, दगडाचे सामर्थ्य १०० आहे. फरशी ६० सेंटिमीटर रुंद, २ सेंटिमीटर जाड, आणि आधारांत अंतर ६० सेंटिमीटर. मध्यावर रुंदीभर पसरलेल्या सुमारे २६५ किलोग्रॅम भाराला ती मोडेल. पण छुप्या चिरा, ओल आणि आदळणारे चाक यांसाठी पाचपट सावधगिरी धरली, तर उरले ५३ किलोग्रॅम. एका धडधाकट माणसाचेही वजन नव्हे! तीच फरशी ४ सेंटिमीटर जाड घेतली, तर त्याच सावधगिरीने २१० किलोग्रॅमच्या वर भार चालेल.

शिवाय आजचे सामर्थ्य उद्या राहीलच असे नाही. शिकागो येथे १९७३ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या एका गगनचुंबी इमारतीला कराराच्या संगमरवराच्या सुमारे ४३ हजार पातळ फरश्या लावल्या होत्या. ऊनथंडीने संगमरवराचे स्फटिक तापताना एका दिशेने प्रसरण पावतात, तर तिच्या आडव्या दिशेने किंचित आकुंचन पावतात; त्यांची पकड सैल होत गेली आणि फरश्यांना पोक आले. १९९० ते १९९२ या काळात त्या सर्व काढून ग्रॅनाइट बसवावा लागला. म्हणून आता दगड आधी तापवून, गोठवून मग मोडून पाहण्याचीही रीत आहे.

आपले पाथरवट दगडावर हातोडीने ठोकून पाहतात. खणखणीत नाद आला तर दगड अखंड. बद्द वाजला तर आत चीर. ही परीक्षा उपयोगाची आहे. परंतु ती किती भार चालेल ते सांगत नाही. तेव्हा जिन्याची पायरी, गॅलरीची लादी किंवा गटारावरची फरशी घेताना 'दगड टणक आहे ना?' एवढेच विचारून थांबू नये. जाडी किती, आधारांत अंतर किती, आणि ओला असताना त्याची परीक्षा झाली आहे काय, हेही विचारावे. त्या फरशीवरून उद्या शाळेत जाणारी मुले जायची आहेत.