कळ दाबली, अक्षर उमटले : मधल्या वेळात काय घडते?

पायथन ही संगणकीय भाषा शिकायला घेतली की पहिल्या धड्यातच दोन शब्द भेटतात. 'प्रिंट' म्हणजे दाखव आणि 'इनपुट' म्हणजे विचार. एवढ्यावर कळफलक आणि पडदा आपल्या ताब्यात आले असे वाटू लागते. प्रत्यक्षात आपला प्रोग्राम आणि ही दोन साधने यांच्यामध्ये मजकूर वाटेत थांबवून धरण्याची व्यवस्था असते. प्रोग्राम बिघडला असे समजून तो बंद करणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. अनेकदा प्रोग्राम धडधाकट असतो, मजकूर तेवढा वाटेत असतो.

या व्यवस्थेचे मूळ जुने आहे. १९६३ साली आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापीत असे. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडविली ती अशा यंत्रांवर बसून. ओळ पूर्ण होईपर्यंत यंत्रणेने ती स्वतःजवळ ठेवावी, चुकलेले अक्षर खोडू द्यावे आणि एंटर दाबल्यावरच प्रोग्रामच्या हाती द्यावी, अशी रीत पडली. ती यंत्रे गेली, रीत राहिली. लिनक्समधील 'टीटीवाय' हे नावही टेलिटाइपवरूनच आले आहे.

म्हणून 'इनपुट'ला सुटी कळ कधी दिसत नाही. टंकलेखनाच्या सरावासारख्या कामाला प्रत्येक कळ तत्काळ हवी असते. त्यासाठी लिनक्सवर 'टीटीवाय' मोड्यूलमधील 'सेटसीब्रेक' वापरावे; विंडोजवर मार्ग वेगळा आहे. मात्र आधीची मांडणी जपून ठेवावी आणि 'फायनली'मध्ये ती परत बसवावी. तसे न केल्यास प्रोग्राम मध्येच थांबल्यावर टाइप केलेली अक्षरे पडद्यावर दिसेनाशी होतात व संगणक खराब झाला अशी भीती वाटते. अशा वेळी न दिसताच 'एसटीटीवाय सेन' लिहून एंटर दाबावे. मराठीसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'कि' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, पण प्रोग्रामकडे आधी 'क' येतो आणि मागाहून वेलांटी.

आता बाहेर जाणाऱ्या मजकुराकडे वळू. पडद्यावर लिहिताना पायथन साधारणपणे ओळ संपेपर्यंत थांबते. काम चालू असल्याची खूण म्हणून एकाच ओळीत सेकंदासेकंदाला टिंबे छापायला सांगितली, तर ती शेवटी एकदम उमटतात. 'प्रिंट'मध्ये 'फ्लश' खरे केले की प्रत्येक टिंब वेळेवर येते. ही सोय पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे.

खरे नुकसान होते ते मजकूर फाइलकडे वळविल्यावर. तेथे ओळ संपणेही पुरेसे नसते. हजारो अक्षरे साचल्यावरच गठ्ठा पुढे जातो. तीन तास चाललेला हिशेब आणि मध्येच लोडशेडिंग, की न गेलेला गठ्ठा कायमचा गेला. अशा कामात ठरावीक अंतराने 'फ्लश' करावे. त्यानेही मजकूर संगणक-प्रणालीपर्यंतच पोहोचतो. डिस्कवर उतरल्याची खात्री हवी तर त्यानंतर 'एफसिंक' लागते.

एकाच जागी बदलणारा आकडा दाखवायचा असेल तर 'कॅरेज रिटर्न' हे चिन्ह आहे. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना नाव ओळखीचे वाटेल : गाडा ओळीच्या सुरुवातीला परत, कागद तेथेच. पण ते जुने काही पुसत नाही. १०० वरून उलटी मोजणी केली तर पुढचा आकडा ९९० दिसतो, कारण मागचे शून्य तसेच उरते. म्हणून आकड्यापुढे एखादी मोकळी जागा छापावी. फाइलमध्ये मात्र ही चिन्हे कचऱ्यासारखी साठतात. तेव्हा समोर खरोखर पडदा आहे का, हे 'इझ-ए-टीटीवाय'ने आधी विचारून घ्यावे.