ओआरएसच्या पुडीत साखर कशासाठी?

तानसा, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत, तरी उन्हाळ्यात इथल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. मिळेल ते पाणी प्यायचं आणि मग जुलाब. म्हणून आशाताई (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) देतात त्या ओआरएसच्या पुडीबद्दल आज लिहितोय. तिच्यामागचं विज्ञान मला फार भारी वाटतं.

आतड्याच्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचं पातळ पटल असतं. मीठ-साखर त्यातून आपोआप आत शिरत नाही, त्यासाठी पटलात प्रथिनांची दारं असतात. त्यातलं एक दार सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोज या साखरेचा एक रेणू अशी जोडीच आत घेतं. त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. कॉलऱ्यातसुद्धा हे दार शाबूत राहतं! नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ-पाणी म्हणूनच पुरत नाही.

शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही सोडियम-ग्लुकोजची जोडी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

मोठी पुडी पूर्ण एक लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा. ग्लासभर पाण्यात कालवली तर द्रावण दाट होतं आणि शरीरातलं पाणी उलट आतड्यात खेचलं जातं. बाळाला अंगावरचं दूध चालूच ठेवा. पोर सुस्त पडलं, डोळे खोल गेले तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.