संभवाचे गणित आणि न्याय

संभवाचा हिशेब म्हणजे मूलतः मोजणीच होय. सारख्याच संभवाचे सर्व प्रकार मोजावयाचे, त्यांतील इष्ट प्रकार मोजावयाचे, आणि या दुसऱ्या संख्येला पहिलीने भागावयाचे. ५२ पत्त्यांच्या जोडात एक्के चार. तेव्हा डोळे मिटून ओढलेला पत्ता एक्का असण्याचा संभव ५२ पैकी ४, म्हणजे १३ मध्ये १.

आता तो पत्ता परत न ठेवता दुसरा ओढला, तर दोन्ही एक्केच निघण्याचा संभव किती? १३ ला १३ ने गुणून १६९ मध्ये १, असे उत्तर अनेक जण देतील. ते बरोबर नाही. पहिला एक्का निघाल्यावर ५१ पत्ते व ३ एक्केच उरतात; म्हणजे दुसऱ्याचा संभव १७ मध्ये १. म्हणून खरे उत्तर २२१ मध्ये १. पहिल्या घटनेने दुसरीचा संभव बदलला. यालाच सशर्त संभाव्यता म्हणतात. घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील, तरच मूळ संभवांचा नुसता गुणाकार चालतो.

ही अट विसरल्याने केवढा अनर्थ ओढवतो, हे इंग्लंडमधील सॅली क्लार्क खटल्यात दिसून आले. या बाईंची दोन तान्ही मुले १९९६ व १९९८ साली अकस्मात दगावली आणि त्यांच्यावर खुनाचा आरोप आला. १९९९ साली एका बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितले की, अशा सुस्थित घरात एक अर्भक कारण न सापडता दगावण्याचा संभव ८,५४३ मध्ये १. तेव्हा दोन दगावण्याचा संभव सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. परंतु भावंडांचे रक्त एक, घर एक. पहिल्या मृत्यूमागे काही आनुवंशिक कारण असेल, तर दुसऱ्याचा संभव वाढतो. गुणाकार तेथेच फसला.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. राजा, राणी व गुलाम हे चित्रांचे पत्ते. पत्ता राजा असेल, तर तो चित्राचा असणारच. परंतु चित्राचा असेल, तर तो राजा असण्याचा संभव ३ मध्ये १. अट उलटली की उत्तर बदलते. आई निर्दोष असता दोन मुले दगावणे दुर्मिळ, हे खरे. पण त्यावरून, मुले दगावली असता आई निर्दोष असणे दुर्मिळ, असे ठरत नाही. आईने दोन्ही मुलांचा जीव घेणे हेही अतिशय दुर्मिळच. तुलना व्हावयास हवी होती ती या दोन दुर्मिळ शक्यतांची.

२००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्यास जाहीर आक्षेप घेतला. जानेवारी २००३ मध्ये, मुख्यतः बचावपक्षापुढे न आलेल्या एका वैद्यकीय तपासणीमुळे, अपील न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तीन वर्षांहून अधिक कारावास भोगलेल्या सॅली क्लार्क २००७ साली निधन पावल्या.

म्हणून कोणी डोळे दिपविणारा आकडा पुढे केला, की आपण दोन प्रश्न विचारावे : या घटना खरोखर स्वतंत्र आहेत काय? आणि यात अट कोणती व निष्कर्ष कोणता?