पाण्याचा ताळेबंद आणि तीन मिनिटांची गोष्ट

विद्यार्थी मित्रहो, अर्थशास्त्राचे पुस्तक उघडले की सुरुवातीलाच एक विधान भेटते: माणसाच्या गरजा अमर्याद आहेत, पण त्या भागवण्याची साधने मर्यादित आहेत. विधान सोपे आहे. ते पाठ करून उत्तरपत्रिकेत लिहिता येते. पण त्याचा खरा अर्थ उमगतो का? तो उमगावा म्हणून वाणिज्य व अर्थशास्त्र शिकवणारे काही शिक्षक आता एका नव्या रीतीचा उपयोग करतात. तिचे नाव डिजिटल कथाकथन.

ही रीत म्हणजे दोन-तीन मिनिटांची एक गोष्ट. विद्यार्थ्याने ती स्वतः लिहायची, स्वतःच्या आवाजात सांगायची आणि छायाचित्रे, आकृत्या व आकडे यांच्याशी संगणकावर किंवा मोबाइलवर जुळवायची. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जो लॅम्बर्ट, डेना अॅचली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली यासाठी एक केंद्र काढले. चांगल्या गोष्टीची जी सात अंगे तेथे शिकवली जात, त्यांत ‘काटकसर’ हेही एक होते. सुमारे अडीचशे शब्दांत सारे बसवायचे, तर काय ठेवायचे आणि काय गाळायचे? पाहा, मर्यादित साधनांचा पहिला धडा येथेच मिळाला!

आता विषय कोठून आणावा? अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील विद्यार्थ्याला त्यासाठी लांब जायला नको. नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. त्यानंतर गावकऱ्यांनी श्रमदान केले, डोंगरउतारावर चर खणले, बंधारे घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी फार पाणी पिणारी पिके लावायची नाहीत, असेही ठरवले. पावसाळा सरला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचे व जनावरांचे पाणी बाजूला काढायचे आणि मग उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे.

या ताळेबंदातील जमेची बाजू तुम्हीही मांडू शकाल. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी मिळते. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे १०० मिलिमीटर पावसाचे पाणी झाले सुमारे ९७ कोटी ७० लाख लिटर! पण हुरळून जाऊ नका. यातले बरेचसे वाफ होऊन उडते, काही मातीत ओल म्हणून राहते, काही वाहून जाते. खोल मुरते ते थोडेच, आणि विहिरींना आधार त्याचाच.

आता गोष्टीचा गाभा. समजा, एका शेतकऱ्याच्या विहिरीला भरपूर पाणी आहे. मग त्याने ऊस का लावू नये? विहीर त्याची आहे, हे खरे. पण भूजलाला बांध नसतो. एकाने उपसा वाढवला की शेजारच्या विहिरीची पातळी खाली जाते. उसाचे पैसे एकाच्या हाती येतात आणि किंमत मात्र साऱ्या गावाला मोजावी लागते. शिवाय तेच पाणी ज्वारीला, चाऱ्याला किंवा भाजीपाल्याला दिले असते, तर काय मिळाले असते? हातच्या या सुटलेल्या लाभालाच अर्थशास्त्रात ‘संधिखर्च’ म्हणतात. व्याख्या घोकून जे कळत नाही, ते कोरडी विहीर आणि हिरवा ऊस यांची दोन चित्रे शेजारी ठेवली की चटकन कळते.

मात्र येथेच सावध राहायला हवे. गोष्ट मनाची पकड घेते आणि म्हणूनच ती फसवूही शकते. ‘ऊस वाईट’ असे तात्पर्य काढाल, तर ते चुकेल. याच जिल्ह्यात प्रवरा नदीवर भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकला आणि लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पीक तेच, पण पाण्याचा हिशोब निराळा.

तेव्हा मित्रहो, तुमच्या गावचीही एक गोष्ट तयार करा. दूध संस्था, कांद्याचा बाजार, किराणा दुकान, काहीही चालेल. आधी एक प्रश्न ठरवा. मग माणसांशी बोला, त्यांच्या संमतीने छायाचित्रे घ्या, आकडे जमवा आणि शेवटी अडीचशे शब्द लिहा. वर्गात गोष्ट दाखवून झाली की शिक्षकांनी टाळ्यांच्या आधी दोन प्रश्न विचारावेत: हा आकडा कोठून आणला? आणि या गोष्टीत कोणाचा हिशोब मांडायचा राहून गेला? या दोन्हींची उत्तरे देता आली, तर अर्थशास्त्र तुम्हाला कळू लागले असे खुशाल समजा.