मंचावर एक, हिशेबात चौघे

इथिओपियातील दुष्काळपीडितांच्या मदतीसाठी १३ जुलै १९८५ रोजी लंडनचे वेम्ब्ली आणि अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे जॉन एफ. केनेडी अशा दोन स्टेडियममध्ये ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम झाला. उपग्रहाद्वारे तो अनेक देशांत एकाच वेळी दाखवला गेला. त्या दिवशी रॉक संगीतातील तीन नामांकित गायक रंगमंचावर आले आणि तिघांचे येणे तीन प्रकारचे होते. ‘क्वीन’चे फ्रेडी मर्क्युरी आपल्या तिन्ही साथीदारांसह, कसून तालीम करून आले. ‘यू टू’चे बोनो गाणे चालू असतानाच साथीदारांना मागे ठेवून प्रेक्षकांच्या दिशेने खाली उतरले. ‘द रोलिंग स्टोन्स’चे मिक जॅगर फिलाडेल्फियात गायले, पण त्यांच्याबरोबर त्यांचा बँडच नव्हता. बँडचा मुख्य गायक म्हणजेच बँडचा नेता, असे सर्रास मानले जाते. त्या समजात कितपत तथ्य आहे, हे तपासायला या एका दिवसाइतके सोयीचे उदाहरण सापडणे कठीण.

रॉक बँड ही मुळात भागीदारी असते. चित्रपटसंगीतात गायक संगीतकाराने बांधलेली चाल गातो. मैफलीत मुख्य कलावंत कोण आणि साथीला कोण, हे आधीच ठरलेले असते. बँडमध्ये असे काही ठरलेले नसते. बहुतेक बँड विशीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या चार-पाच मित्रांनी सुरू केलेले असतात आणि मालकी कोणाची, हा प्रश्न त्या वयात कोणाला सुचत नाही. पैसा आल्यावर तो सुचतो. ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीतील वाटा सर्वांना मिळतो, मात्र गाणे ज्याच्या नावावर असते त्याला गीत-संगीताची रॉयल्टी वेगळी मिळते आणि गाणे वाजत राहील तोवर ती मिळत राहते. त्यामुळे ध्वनिवर्धक एकाच्या हाती, गाण्यांची मालकी दुसऱ्याकडे आणि बँडच्या नावावरचा कायदेशीर हक्क तिसऱ्याकडेच, अशी सत्तेची वाटणी होऊ शकते. प्रेक्षकाला यातली पहिली गोष्ट तेवढी दिसते.

मर्क्युरी यांच्या बाबतीत या दिसण्या-असण्यातील अंतर फार मोठे होते. त्यांचे मूळ नाव फारोख बुलसारा. १९४६ मध्ये झांझिबार येथे पारशी कुटुंबात जन्मलेले फारोख शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिले. शाळेतल्या मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता. त्यात फारोख पियानो वाजवत. पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. लंडनमध्ये १९७० साली ‘क्वीन’ उभा राहिला तेव्हा मात्र ते पुढे आले आणि पुढेच राहिले. हातात अर्धाच माइक स्टँड, ताठ कणा, आकाशाकडे उगारलेली मूठ ही त्यांची मुद्रा झाली. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात स्टँड मधोमध निखळला आणि तो तसाच त्यांनी कायम ठेवला, अशी कथा सांगितली जाते. १९८६ च्या दौऱ्यात तर कार्यक्रमाच्या अखेरीस ते मुकुट आणि राजवस्त्र परिधान करून येत.

‘लाइव्ह एड’च्या वेळी ‘क्वीन’ची प्रतिष्ठा उतरणीला लागली होती. वर्णभेदी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेत आदल्या वर्षी सन सिटी येथे केलेल्या कार्यक्रमांवरून बँडवर कडाडून टीका झाली होती. वेम्ब्लीत त्यांच्या वाट्याला वीसएक मिनिटे आली, तीही दिवसाउजेडी; प्रकाशयोजनेची त्यांची नेहमीची किमया दाखवण्यास वाव नव्हता. चौघांनी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये या वीस मिनिटांची कसून तालीम केली, गाणी कापून-जोडून सलग बसवली. मर्क्युरी यांनी पियानोवर सुरुवात केली, मग माइक घेऊन ते पुढे सरकले आणि एका टप्प्यावर शब्दच सोडून देऊन केवळ आलापीच्या तुकड्यांनी त्यांनी सुमारे ७२ हजारांचा जमाव बोलता केला. पोवाड्यात शाहिराची ओळ झीलकरी उचलून धरतात. इथे सगळे स्टेडियमच झीलकरी झाले होते. त्या वीस मिनिटांचे चित्रण आज पाहतानाही लक्षात येते ते एवढेच की, गायक कितीही मोकाट धावत असला, तरी गाणे ठरल्या मात्रेवरच सुरू होते आणि ठरल्या मात्रेवरच थांबते. त्या मोकळेपणामागे तालीम होती.

बँडच्या खोलीत मात्र या राजाला चारांपैकी एकच मत होते. आपण बँडचे नेते नसून केवळ मुख्य गायक आहोत, असे ते सांगत, आणि तो विनय नव्हता. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मर्क्युरी यांचे, ‘वी विल रॉक यू’ गिटारवादक ब्रायन मे यांचे, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ बास वाजवणारे अबोल जॉन डीकन यांचे आणि ‘रेडिओ गा गा’ ड्रमवादक रॉजर टेलर यांचे. चौघेही लिहिणारे, त्यामुळे चौघेही भांडणारे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टेलर यांचे गाणे होते. तबकडी खपली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखेच पैसे मिळत. लोकांनी विकत घेतले मर्क्युरींचे गाणे, पण कमाई टेलर यांचीही तेवढीच झाली. हा वाद बरीच वर्षे धुमसत राहिला. अखेर १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून सर्व गाणी चौघांच्या एकत्रित नावाने देण्याचे ठरले. तोवर मर्क्युरी गंभीर आजारी होते. नोव्हेंबर १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. भांडणाचे मूळ आधीच काढून टाकले असते तर, ही हळहळ ‘क्वीन’च्या चाहत्यांत आजही ऐकू येते.

जे ‘क्वीन’ला दोन दशकांनी सुचले, ते ‘यू टू’ने आरंभीच केले. डब्लिनच्या एका शाळेतील फलकावर १९७६ मध्ये लॅरी मलन या मुलाने वादक हवे असल्याची चिठ्ठी लावली आणि त्यातून हा बँड जन्माला आला. पहिली दहा मिनिटे तो आपला बँड होता, मग बोनो आत आले, असा विनोद मलन यांनी पुढे केला. तरीही व्यवस्थापक पॉल मॅकगिनेस यांच्या सल्ल्याने चौघांनी रॉयल्टीचे समान वाटे मान्य केले. शब्द बहुतेक बोनो यांचे असले, तरी संगीत ‘यू टू’ या नावानेच नोंदवले जाते. आज जवळपास पन्नास वर्षांनंतरही तेच चौघे सदस्य आहेत.

या समान वाट्यांमुळेच बहुधा बोनो यांचा मंचावरील आततायीपणा बँडला पचला. वेम्ब्लीत ‘यू टू’ तीन गाणी सादर करणार होता. दुसरे गाणे सुरू असताना बोनो यांनी गर्दीतील एका मुलीकडे बोट दाखवून तिला बाहेर काढण्याची खूण केली, मग ते स्वतःच मंचावरून खाली उतरले आणि तिच्यासोबत नाचले. मागे उभ्या तिघांना ते दिसेनासे झाले. गायक परत येतो की नाही, हे ठाऊक नसताना ते तेच सूर पुनःपुन्हा वाजवत राहिले. गाणे सुमारे बारा मिनिटे लांबले आणि सर्वांत गाजलेले तिसरे गाणे राहूनच गेले. साथीदार संतापले. आपण सगळे घालवले, असे बोनो यांनाही वाटले. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांच्या मनात मात्र तेच दृश्य राहिले आणि ‘यू टू’ला नवा श्रोतृवर्ग मिळाला.

मर्क्युरी जमावाला एका आवाजात बांधत. बोनो जमावातून एकाच माणसाला वेगळे काढतात. हा फरक केवळ अदाकारीचा नाही. बोनो यांना गाण्याबाहेरचेही काही सांगायचे असते. १९९२ च्या दौऱ्यात ते मंचावरूनच व्हाइट हाऊसला दूरध्वनी लावत. पुढे गरीब देशांची कर्जे माफ व्हावीत म्हणून ते राष्ट्रप्रमुखांच्या भेटी घेऊ लागले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १५ डिसेंबर २०१९ रोजी ‘यू टू’चा कार्यक्रम झाला, तोवर गायन आणि प्रचार यांची ही सरमिसळ श्रोत्यांच्या अंगवळणी पडली होती. कधी कधी ती भाषणबाजीकडे झुकते, हेही खरे.

जॅगर यांना भाषणात रस नाही. त्यांचे नेतृत्व अंगातून आणि आकड्यांतून चालते. ‘रोलिंग स्टोन्स’चे पहिले नेते ब्रायन जोन्स होते, बँड जमवला त्यांनी, नाव दिले त्यांनी. पण ते गाणी लिहीत नव्हते. जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स लिहू लागले, तशी सूत्रे जोन्स यांच्या हातून सरकत गेली. १९६९ च्या जूनमध्ये त्यांना बँड सोडावा लागला आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा मृत्यू झाला. मंचावरील पदन्यास जॅगर यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंतांकडे पाहून घडवला. १९६४ मध्ये एका चित्रित कार्यक्रमात जेम्स ब्राऊन यांच्या पाठोपाठ सादरीकरण करण्याची कठीण पाळी ‘स्टोन्स’वर आली होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये काही काळ शिकलेल्या जॅगर यांनी दौऱ्यांच्या अर्थकारणातही लक्ष घातले. १९८१ च्या अमेरिका दौऱ्याला अत्तरे बनवणाऱ्या एका कंपनीचे प्रायोजकत्व घेऊन ‘स्टोन्स’ने नवा पायंडा पाडला.

मात्र कारभार पाहणारा भागीदार हळूहळू स्वतःला मालक समजू लागतो, अशी इतरांची तक्रार असते. रिचर्ड्स यांनी आत्मचरित्रात १९८४ मधील अ‍ॅमस्टरडॅमचा प्रसंग सांगितला आहे. जॅगर यांनी पहाटे दूरध्वनी करून ‘माझा ड्रमर कुठे आहे’ अशा अर्थाचे काही विचारले. मितभाषी चार्ली वॉट्स दाढी करून, सूट घालून खाली आले, जॅगर यांना ठोसा लगावला आणि कोण कोणाचा, हे त्यांना समजावून गेले. पुढच्याच वर्षी जॅगर यांचा स्वतंत्र अल्बम आला. त्यामुळे ‘लाइव्ह एड’च्या दिवशी विचित्र दृश्य दिसले. जॅगर टीना टर्नर यांच्यासोबत गायले आणि त्याच स्टेडियममध्ये रिचर्ड्स व रॉनी वुड हे बॉब डिलन यांच्या साथीला बसले. १९८२ नंतर ‘स्टोन्स’चा दौरा निघाला तो थेट १९८९ मध्ये. मर्क्युरी यांचाही स्वतंत्र अल्बम १९८५ मध्येच, ‘लाइव्ह एड’च्या अडीच महिने आधी आला होता, हे इथे नोंदवण्यासारखे आहे. ते बँडकडे परतले. जॅगर यांना चार वर्षे लागली. त्यानंतर मात्र ही भागीदारी टिकली. २०१९ मध्ये हृदयाच्या झडपेवर उपचार झाल्यानंतर काही आठवड्यांतच पंचाहत्तरीतील जॅगर पुन्हा मंचावर धावत होते.

मंचावर लाजणारा गायक हिशेबातही मवाळ असेल, असे समजू नये. ‘निर्वाणा’चे कर्ट कोबेन चाहत्यांच्या नजरेला नजर देण्याचे टाळत, पण अमाप यश मिळाल्यावर गाण्यांच्या रॉयल्टीचा सर्वाधिक वाटा त्यांनी पूर्वलक्षी प्रभावाने स्वतःकडे घेतला.

नावाच्या हक्काने काय घडते, हे ‘गन्स एन रोझेस’ने दाखवले. या बँडचे अ‍ॅक्सल रोझ मंचावर केव्हा येतील आणि केव्हा निघून जातील, याचा नेम नसे. जुलै १९९१ मध्ये सेंट लुइसजवळ एका प्रेक्षकाच्या हातात कॅमेरा पाहून त्यांनी गर्दीत उडी घेतली, नंतर कार्यक्रम सोडला आणि दंगल उसळली. ऑगस्ट १९९२ मध्ये माँट्रियल येथे ‘मेटालिका’चे जेम्स हेटफिल्ड मंचावरील आतषबाजीत भाजल्याने त्यांचा कार्यक्रम अर्धवट राहिला होता. त्या रात्री श्रोत्यांना सावरण्याची गरज होती. रोझ यांनीही कार्यक्रम आटोपता घेतला आणि तिथेही दंगल झाली. त्याच सुमारास बँडच्या नावाचा हक्क करारान्वये रोझ यांच्याकडे आला. तो कोणत्या परिस्थितीत आला, याबाबत त्यांचे आणि गिटारवादक स्लॅश व बासवादक डफ मॅकेगन यांचे म्हणणे जुळत नाही. दोघे बाहेर पडले. नाव रोझ यांच्याकडे राहिले, पण नवा अल्बम यायला २००८ उजाडले. त्यापूर्वीचा १९९३ चा होता. २०१६ मध्ये स्लॅश आणि मॅकेगन परतले तेव्हा मैदाने पुन्हा भरली. मे २०२५ मध्ये मुंबईच्या श्रोत्यांनी पाहिला तो हा पुन्हा जुळलेला संच.

२०१६ च्या त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. ऑस्ट्रेलियाच्या ‘एसी/डीसी’ या बँडचे नेतृत्व कायम गिटारवादक अँगस आणि माल्कम या यंग बंधूंकडे राहिले. १९८० मध्ये गायक बॉन स्कॉट यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी ब्रायन जॉन्सन यांना आणले आणि बँड त्याच जोमाने चालला. २०१६ मध्ये जॉन्सन यांना श्रवणदोषामुळे दौरा सोडावा लागला आणि उरलेल्या कार्यक्रमांसाठी अँगस यांनी रोझ यांना बोलावले. पाय मोडलेला असल्याने लिस्बनमध्ये रोझ खुर्चीत बसूनच गायले. गाणी दुसऱ्यांची, नाव दुसऱ्यांचे, दौरा दुसऱ्यांचा. मधल्या काळात ते अमेरिकेत जाऊन स्वतःच्या मालकीच्या बँडसोबत गात आणि पुन्हा अँगस यांच्या शेजारी उभे राहत. सप्टेंबरमध्ये तो दौरा त्यांनी पूर्ण केला. ‘एसी/डीसी’चा पुढचा अल्बम २०२० मध्ये आला, त्यात आवाज पुन्हा जॉन्सन यांचा होता.