वाळूंतील खेकडा आणि आपण



संध्याकाळीं कोंकणांतील एखाद्या पुळणीवर आपण उभे असतां, मूठभर वाळूच सजीव होऊन धावूं लागावी तसें कांहीं तरी सरकतें आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच दिसेनासें होतें. तो असतो वाळूंत राहणारा खेकडा. रंग वाळूसारखा आणि येणेंजाणें अकस्मात्, म्हणून इंग्रजींत त्यास 'भूत-खेकडा' या अर्थाचें नांव पडलें आहे. प्राणिशास्त्रज्ञ त्यास 'ओसिपोडी' म्हणतात; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'शीघ्रपाद'.

हा प्राणी ना धड पाण्यांतला, ना धड जमिनीवरचा. श्वास तो हवेंत घेतो, परंतु त्याचे कल्ले सदैव ओले राहणें अवश्य असतें. यास्तव तो ओल लागेपर्यंत वाळूंत बीळ खणतो. दिवसाचें ऊन तेथें काढून रात्रीं तो बाहेर येतो आणि मेलेले मासे, किडे, जें मिळेल तें खाऊन किनारा साफ करतो. मादी अंडीं पोटाखालीं बाळगते व तीं फुटण्याच्या वेळीं समुद्रावर जाते. पिलें कांहीं काळ पाण्यांत वाढून पुन्हां वाळूवर येतात. म्हणजे रुंद पुळण, ओलावा आणि समुद्राकडे जाणारी मोकळी वाट, या तिन्ही गोष्टी त्यास हव्यात.

नेमक्या याच गोष्टी आपण काढून घेत आहोंत. लाटा अडविण्यासाठीं दगडी बंधारा घातला कीं पुळण अरुंद होते. वाळू उपसली कीं बिळें जातात. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनें असा उपसा मना केला. तरी चोरटा उपसा थांबलेला नाहीं.

तिसरें संकट मात्र सहलीस जाणाऱ्यांचें आहे, आणि त्यांत मीही सामील होतों. कांहीं वर्षांपूर्वीं नातवंडांच्या हट्टास्तव आम्हीं रात्रीं पुळणीवर गाडी घातली. दिव्यांच्या झोतांत पळणारे खेकडे पाहून मुलें टाळ्या पिटीत होतीं. सकाळीं त्याच बाजूस फिरावयास गेलों, तों चाकोरींत चिरडलेलीं कवचें! धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, हे आपणच मारले का?" पस्तीस वर्षें मुलांना शिकविलेल्या मास्तरास उत्तर देववेना.

शास्त्रज्ञांनीं याचा अभ्यास केलेला आहे. १९८४ सालीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील याच कुळांतल्या खेकड्यांविषयीं संशोधन प्रसिद्ध झालें. दिवसा बिळांत असलेला खेकडा गाडीपासून वांचतो, पण रात्रीं चरावयास निघालेले मोठ्या संख्येनें मरतात, असें त्यांत दिसलें. पुढें ऑस्ट्रेलियांत तर उथळ बिळांतले खेकडेही चाकांखालीं मेलेले आढळले. वांचले ते खोल बिळांतले. आणि लहान खेकड्यांचीं बिळें उथळ असतात! तेव्हां गाडी हळू चालविणें हा उपाय नव्हे. ती पुळणीवर न नेणें हाच उपाय.

बिळांचीं तोंडें मोजून किनाऱ्याच्या प्रकृतीचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात. हें काम मुलांनाही जमतें. पुढच्या खेपेस आम्हीं गाडी रस्त्यावरच ठेविली आणि सकाळीं नातीच्या हातीं वही-पेन्सिल दिली. तिनें पंचवीस पावलांत एकोणीस बिळें मोजलीं. तिच्या प्रश्नाला माझें उत्तर तेवढेंच आहे.